द्वारकेचं पाणी, पुरीचं पाणी: क्षारतेच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जून

आईच्या देवघरात दोन बाटल्या आहेत. एक द्वारकेची, एक जगन्नाथपुरीची. दोन्हींत समुद्राचं पाणी, दोन्ही जुन्या यात्रांमधल्या. भाची आज देवघर पुसायला आली होती. (ती नववीत आहे, इथंच वडोदऱ्यात, रावपुऱ्यात राहते. उद्या शाळा सुरू.) दोन्ही बाटल्या उजेडात धरून म्हणाली, "मामा, या दोन्हींत सारखंच मीठ असेल का?"

"असेल की, समुद्र तो समुद्र," असं तोंडावर आलं होतं, पण मी थांबलो. तीस वर्षं नंदेसरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं: बॉयलरचं, कूलिंग टॉवरचं, बोअरचं. समुद्राचं एकदाही नाही. उत्तर देण्याआधी मोजावं, हे मला पटलं.

जुन्या बाटल्यांचा उपयोग नाही. झाकणं सैल आहेत आणि द्वारकेच्या बाटलीतलं पाणी बोटभर उतरलंय. पाणी उडालं की उरलेलं जास्त खारट होतं, म्हणजे ती बाटली आता द्वारकेबद्दल खरं सांगणार नाही. शिवाय आई त्यांना हात लावू देणार नाही, आणि लावूही नये. ताजे नमुने मिळवायचे.

गणपतीत आमच्या पोळीत (इकडे जुन्या वस्तीतल्या गल्लीला पोळ म्हणतात) मुलांचं प्रदर्शन असतं. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, तोवर एक मोठा नकाशा आणि एक चालता प्रयोग तयार करायचा. वहीच्या पहिल्या पानावर भाचीनं लिहिलं: सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत, मग सगळ्यांची क्षारता एकच का नाही?

१० जून

पहिला प्रयोग गच्चीवर. मोठी परात, ७० ग्रॅम मीठ, बाकी नळाचं, म्हणजे आजवा तलावाचं पाणी, सगळं मिळून बरोबर २ किलो. म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. भूगोलाच्या पुस्तकात महासागरांची सरासरी क्षारता 'दर हजारी ३५' अशी दिलेली असते, ती हीच. भाचीला ३५ ग्रॅम म्हणजे किती ते डोळ्यांनी बघायचं होतं: चहाचे सहा सपाट चमचे, एका किलो पाण्यात. तिनं जिभेला लावून बघितलं आणि थेट मोरीकडे पळाली.

११ जून

परात काल सकाळी उन्हात ठेवली होती. आज सकाळी वजन १.३५ किलो. ६५० ग्रॅम पाणी वाऱ्यावर गेलं. माशांच्या दुकानातून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण, काचेवर दोन थेंब टाकायचे) आकडा ५२. हिशेबानंही तोच येतो: ७० भागिले १३५०.

मग तेवढंच नळाचं पाणी परत ओतलं, ढवळलं, पुन्हा ३५.

सगळ्या प्रकल्पाचं बीज या परातीत आहे असं मला वाटतं. मीठ ७० ग्रॅमच होतं, काल, आज आणि पाणी ओतल्यावरही. ये-जा केली ती पाण्यानं. भाचीनं वहीत लिहिलं, "मीठ घरी बसतं, पाणी फिरतं." हे वाक्य नकाशावर घ्यायचं.

१५ जून

कावी-कंबोईला जाऊन आलो. वडोदऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटर, जंबुसरवरून. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. आईला दर्शन, आम्हाला नमुना. खंभातच्या आखाताची भरती देशात सर्वांत उंच भरत्यांपैकी. पाणी येताना दिसत नाही, एकदम आलेलं असतं. पिंडीला पाणी लागलं तेव्हा आई हात जोडून उभी होती आणि भाची घड्याळ बघून वेळ लिहीत होती.

पाणी गढूळ, चहासारखं. मही इथंच आखाताला मिळते. साबरमती, नर्मदा आणि तापीही याच आखातात येतात. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरली, झाकणाला टेप.

परतताना जंबुसरच्या बाजूला मिठागरं लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या अगरियानं (मीठ पिकवणाऱ्यानं) सांगितलं की त्यांच्या बोमे काट्यावर (पाणी किती जड झालं ते दाखवणारं माप) समुद्राचं पाणी तीनच्या आसपास असतं, पंचविसाला मीठ बसायला लागतं आणि एकोणतीस-तीस झालं की उरलेलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडू होतं. ते कडू पाणी कशाचं, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पुढची नोंद त्याचीच.

१८ जून

कावीचं पाणी गाळून १०० ग्रॅम घेतलं. चिनी मातीच्या बशीत मंद आचेवर आटवलं, उरलेलं मीठ तोलायचं. इतकं सरळ. मांडवीला ओळखीच्या सराफाकडे चांगला काटा आहे, तो वापरू दिला.

बशी गार झाल्यावर ३.१ ग्रॅम. संध्याकाळी तीच बशी ३.४. आज सकाळी ३.९ आणि मीठ ओलं, बशीच्या काठाला थेंब. मग घरी येऊन जोरात तापवलं तर २.६ वर आलं, पण नाकाला झोंबणारा वास. ओला लिटमस कागद वर धरला, तो लाल झाला.

इथं माझी चूक झाली. समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं (पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते ती मुख्यतः त्याच्यामुळे), आणि जोरात तापवलं की मोडून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. म्हणजे कमी तापवलं तर पाण्याचं वजन मिसळतं आणि जास्त तापवलं तर मिठाचंच वजन उडून जातं. अगरियाचं कडू पाणी ते हेच. आटवून तोलणं हा समुद्राच्या बाबतीत वरवर सोपा दिसणारा आणि प्रत्यक्षात फसवा मार्ग आहे.

पूर्वीच्या शास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली होती. त्यांनी वाट काढली ती एका सुंदर गोष्टीच्या आधारानं. १८१९ मध्ये लंडनचे वैद्य अलेक्झांडर मार्सेट यांनी वेगवेगळ्या समुद्रांची पाणी तपासून सांगितलं की क्षारांचं प्रमाण कमीजास्त असलं तरी क्षारांची आपसातली वाटणी सगळीकडे सारखीच असते. पुढे 'चॅलेंजर' जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या पाण्यांपैकी ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले, १८८४ मध्ये निष्कर्ष छापले आणि ती गोष्ट पक्की झाली. क्षारांच्या एकूण वजनात क्लोराइड ५५ टक्के, सोडियम ३०.६, सल्फेट ७.७, मॅग्नेशियम ३.७, मग कॅल्शियम आणि पोटॅशियम एकेक टक्क्याच्या आसपास.

वाटणी ठरलेली असेल तर सगळं मोजायची गरज काय? एक क्लोराइड अचूक मोजायचं आणि गुणायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी याच पायावर क्षारतेची कोष्टकं बांधली. आजचा गुणक १.८०६५५. आता जहाजांवर विद्युतवाहकतेवरून मोजतात, पण क्लोराइडचं टायट्रेशन (ठरावीक ताकदीचं रसायन थेंबाथेंबानं टाकून, ते किती लागलं त्यावरून मोजणं) मला येतं. तीस वर्षं तेच केलंय.

२२ जून

सिल्व्हर नायट्रेट आणलं. महाग आहे, चांदीबरोबर त्याचाही भाव चढतो. एका टायट्रेशनला जवळपास १०० मिलिग्रॅम लागतं, म्हणून नमुना दहापट पातळ करूनच वापरायचा.

पद्धत वहीसाठी: समुद्राचं पाणी १० मिली घेऊन १०० मिली करायचं. त्यातलं १० मिली कोनिकलमध्ये (शंकूसारख्या काचेच्या भांड्यात), पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, रंग पिवळा. ब्युरेटमधून (मिलीच्या खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी) ०.०५ मोलर ताकदीचं सिल्व्हर नायट्रेट. आधी पांढरा साका बसत जातो आणि क्लोराइड संपल्यावरचा पहिला जादा थेंब विटकरी छटा आणतो. तिथं थांबायचं.

भाचीनं पहिल्यांदा फार पुढं नेलं, कोनिकल लालच लाल. दुसऱ्यांदा बरोबर. ती छटा येते तेव्हा हाताला आपोआप कळतं. माझ्या हाताला निवृत्तीनंतरही कळली, याचा मला फार आनंद झाला.

कावी: ८.६, ८.५, ८.६ मिली. क्षारता २७ च्या आसपास. महासागरापेक्षा बरीच कमी, कारण महीचं पाणी मिसळलेलं.

२७ जून

आज रथयात्रा. काकू पुरीला आहेत. काल फोनवर त्यांना तीनदा सांगितलं: नदीच्या तोंडाशी नको, मोकळ्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात जाऊन भरा, बाटली तिथल्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा ठेवू नका. काकू म्हणाल्या, "अरे, देवासाठी भरते तेव्हा इतकं कोणी सांगत नाही." पण करणार आहेत. जामनगरचा मावसभाऊ द्वारकेहून पाणी पाठवतोय.

पाऊस सुरू झालाय. परातीचा प्रयोग आता चालत नाही. हवा इतकी दमट आहे की दिवसभरात पाव किलोसुद्धा उडत नाही. हेही लिहून ठेवलं, नकाशावर कामाला येईल: बाष्पीभवनाला ऊन लागतं तसा कोरडा वाराही लागतो.

६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. डोळ्यांना काही फरक दिसत नाही.

७ जुलै

प्रत्येकी तीन टायट्रेशनं.
द्वारका: ११.६ मिली. क्षारता सुमारे ३६.४.
पुरी: १०.४ मिली. क्षारता सुमारे ३२.६.

भाचीनं ब्युरेटवरचा आकडा दोनदा वाचला. एका किलोमागे जवळजवळ चार ग्रॅमचा फरक. एकाच महासागराच्या दोन कुशी, एकच देश, जवळपास सारखीच अक्षांशं, आणि पाणी असं वेगळं. आईला सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे दोन बाटल्या ठेवल्या ते बरंच झालं."

एक बाटली म्हणजे अख्खा समुद्र नव्हे, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण मोठ्या मोजण्यांशी हे जुळतं. अरबी समुद्र ३६ च्या वर असतो आणि बंगालच्या उपसागराची उत्तर बाजू पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली उतरते.

९ जुलै

कारण आम्ही लगेच लिहिलं. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी आणि पलीकडून इरावती. वरून भरपूर पाऊस. अरबी समुद्रात सिंधू, नर्मदा, तापी, बाकी लहान नद्या. त्याच्या दोन बाजूंना अरबस्तान आणि बलुचिस्तानचं वाळवंट, तिथला कोरडा वारा पाणी उडवत राहतो. त्यात शेजारचे तांबडा समुद्र आणि इराणचं आखात आपलं अतिखारट पाणी सोडतात. तांबड्या समुद्राला बारमाही नदी एकही नाही, क्षारता ४० च्या घरात.

उपसागराच्या गोड पाण्याचं आणखी एक काम आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हलकं पाणी वर साईसारखं पसरून राहतं आणि खालच्या खारट, जड पाण्यात सहज मिसळत नाही. खालचं गार पाणी वर येऊ शकत नाही, म्हणून वरचा थर तापलेला राहतो, आणि चक्रीवादळांना अशा तापलेल्या पाण्याचं बळ मिळतं. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या माणसांचं नशीब क्षारतेच्या या दोन-चार ग्रॅमशीसुद्धा बांधलेलं आहे.

भाचीनं निष्कर्ष लिहिला: "जिथं नद्या जास्त, तिथं क्षारता कमी." मी खाली सही केली. नकाशाचं शीर्षकही ठरलं.

१३ जुलै

सही मागे घ्यावी लागली.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो होतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभी केलेली. मोठ्या ॲटलासमध्ये जगाच्या पृष्ठीय क्षारतेचं पान उघडलं. भाची बोटानं आपल्या नियमाची खात्री करत चालली होती आणि अटलांटिकवर थांबली.

अटलांटिकला जगातल्या सर्वांत मोठ्या नद्या मिळतात. एकट्या ॲमेझॉनचं पाणी जगातल्या सगळ्या नद्यांच्या पाण्याचा पाचवा-सहावा हिस्सा. शिवाय काँगो, ओरिनोको, मिसिसिपी, नायजर, पाराना. आकारानं अटलांटिक प्रशांत महासागराच्या निम्मा. आमच्या नियमाप्रमाणे तो सर्वांत गोड असायला हवा. प्रत्यक्षात मोठ्या महासागरांत सर्वांत खारट तोच! उत्तर अटलांटिकच्या मधोमध क्षारता ३७ च्या वर जाते, तर उत्तर प्रशांताचा सर्वांत खारट पट्टा जेमतेम ३५ ओलांडतो. आणखी वर, ५०-६० अक्षांशाला, अटलांटिक ३५ च्या आसपास, प्रशांत ३२-३३.

भाची हिरमुसली. मला मात्र हा प्रकल्पातला सर्वांत चांगला दिवस वाटला. बसमध्ये तिला परातीची आठवण करून दिली: पाणी कुठून आलं ते आपण लिहिलं, गेलं कुठं ते लिहिलंच नाही.

२० जुलै

आठवडाभर याच्यावर बसलो. विद्यापीठात भूगोल शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांनी दोन संध्याकाळी दिल्या. आता चित्र स्पष्ट आहे. सविस्तर लिहितो, कारण नकाशाचा गाभा हाच.

समुद्रावरून उडालेलं पाणी बहुतेक पुन्हा समुद्रावरच पडतं. नद्यांच्या वाटेनं परतणारा वाटा सुमारे दहावा. म्हणजे नद्या डोळ्यांत भरतात, पण मोठी उलाढाल वाऱ्यावर चालते. ऊन आणि वाळवंटांचा पट्टा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण २० ते ३० अक्षांशांत. तिथं आकाश मोकळं, वारा कोरडा, बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त. प्रत्येक मोठ्या महासागराचा सर्वांत खारट भाग याच पट्ट्यात आहे. विषुववृत्तावर ऊन तितकंच, पण रोजचा पाऊस, म्हणून क्षारता थोडी उतरते. ध्रुवांकडे बाष्पीभवन कमी आणि बर्फाचं पाणी, म्हणून आणखी उतरते. इथवर सगळे महासागर सारखे.

फरक पडतो तो जमिनीच्या आकारामुळे. अटलांटिकवरचे व्यापारी वारे आफ्रिकेकडून निघतात, सहारावरून, म्हणजे कोरडे. वाटेत समुद्रावरून पाणी उचलतात आणि पश्चिमेला मध्य अमेरिकेपाशी पोचतात. तिथं पनामाची जमीन एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यातल्या सखल जागांतून वारा पलीकडे निघतो. अटलांटिकमधून उचललेलं पाणी प्रशांतावर पाऊस होऊन पडतं. अटलांटिकच्या खात्यातून गेलं, प्रशांताच्या खात्यात जमा.

उलट वाट बंद आहे. प्रशांतावरून पूर्वेकडे जाणारे पश्चिमी वारे रॉकी आणि अँडीजच्या उभ्या भिंतींना धडकतात. पाऊस भिंतीच्या अलीकडेच पडतो आणि नद्यांनी परत प्रशांतात येतो. प्रशांत आपलं पाणी राखून ठेवतो. भाचीला हे सह्याद्रीवरून लगेच समजलं: कोकणात पाऊस, घाटापलीकडे कमी. युरोपच्या पश्चिम किनाऱ्याला अशी सलग उत्तर-दक्षिण भिंत नाही, म्हणून अटलांटिकचं बाष्प दूर आत, पार आशियापर्यंत जातं.

दुसरं कारण भूमध्य समुद्र. चहूबाजूंनी जमीन, कोरडा उन्हाळा, क्षारता ३८-३९. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत वरून अटलांटिकचं पाणी आत येतं आणि खालून भूमध्याचं जड, खारट पाणी बाहेर पडतं. ते अटलांटिकमध्ये साधारण हजार मीटर खोलीवर दूरवर पसरतं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून हिंदी महासागराचं उबदार खारट पाणीही भोवऱ्याभोवऱ्यांनी अटलांटिकमध्ये शिरतं. म्हणजे द्वारकेच्या महासागराचं थोडं मीठ तिकडेही पोचतं.

तिसरं कारण मला सर्वांत विलक्षण वाटलं. अटलांटिकचं खारट पाणी उत्तरेला जातं, ग्रीनलंड-नॉर्वेच्या बाजूला गार होतं, आणि खारट म्हणून जड असल्यामुळे खोल बुडतं. बुडालेल्याच्या जागी दक्षिणेकडून आणखी खारट पाणी येतं. खारट आहे म्हणून बुडतं, बुडतं म्हणून आणखी खारट पाणी येतं. उत्तर प्रशांतात पाणी गोडसर, म्हणून गार झालं तरी तितकं खोल बुडत नाही, आणि हे चक्र तिथं सुरूच होत नाही.

भाचीनं विचारलं, "मग अटलांटिक दरवर्षी खारट होतच जाणार?" चांगला प्रश्न. गृहस्थांनी समजावलं की बुडालेलं पाणी खोलवरून दक्षिणेला बाहेर पडतं आणि आपला खारटपणा इतर महासागरांत घेऊन जातं. शिवाय बेरिंगच्या सामुद्रधुनीतून, जेमतेम ५० मीटर खोल आणि ८५ किलोमीटर रुंद, प्रशांताचं कमी खारट पाणी आर्क्टिकमार्गे अटलांटिकला येतं. वाऱ्यानं नेलेलं पाणी समुद्राच्या वाटेनं परत येतं. पण सावकाश, म्हणून फरक टिकून राहतो.

पनामाची पट्टी नेहमी नव्हती. ती पूर्ण जोडली गेली साधारण ३० लाख वर्षांपूर्वी. त्याआधी दोन्ही महासागरांचं पाणी तिथून एकमेकांत जात होतं.

जुनं शीर्षक खोडलं. निष्कर्षाच्या पानावर आता असं आहे: "पाणी येतं किती आणि जातं किती, दोन्ही बाजू लिहा. नद्या ही एक ओळ, वारा ही दुसरी." पुरी-द्वारकेचं उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं.

२४ जुलै

एक गोष्ट पुस्तकातून घेतली होती, ती स्वतः तपासायची राहिली होती: मार्सेट यांची सारखी वाटणी. माझ्या ओळखीची दुसरी पद्धत म्हणजे ईडीटीए या रसायनानं टायट्रेशन करून पाण्याचा कठीणपणा मोजणं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. इरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग टाकला की रंग वाइनसारखा लाल, शेवटी स्वच्छ निळा.

द्वारका १३.४ मिली, पुरी १२.० मिली. आता सिल्व्हर नायट्रेटच्या आकड्याला या आकड्यानं भागायचं. द्वारका ०.८७. पुरी ०.८७.

भाचीनं भागाकार तीनदा केला. मीही केला. दोन किनारे, दोन क्षारता, आणि आतली वाटणी दुसऱ्या दशांशापर्यंत तीच. घरच्या मिठाच्या पाण्यात ईडीटीए जवळजवळ लागतच नाही, पहिल्या काही थेंबांत निळं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणणं आमच्या स्वयंपाकघरात खरं ठरलं. कावीचं गुणोत्तर ०.८५ आलं, जरा खाली, कारण महीचं पाणी स्वतःचं कॅल्शियम घेऊन येतं.

वाटणी सारखी राहते कारण सोडियम, क्लोराइड समुद्रात आले की कोट्यवधी वर्षं तिथंच राहतात आणि सगळ्या महासागरांचं पाणी ढवळून निघायला हजारेक वर्षं पुरतात. मीठ कधीच सारखं मिसळून गेलंय. पातळ-घट्ट करणारं पाणी मात्र रोज ये-जा करतं, ते मिसळून होईपर्यंत नवं आलेलं असतं. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हे आहे.

३ ऑगस्ट

नकाशा रंगवायला घेतला. जुना पांढरा चादरीचा कपडा, फ्लेक्स नाही. खारट भागाला विटकरी, टायट्रेशनच्या शेवटासारखा. गोडसर भागाला निळा. बाल्टिक ७-८, काळा समुद्र १७-१८ हे आकडे लहान चौकटीत.

एका कोपऱ्यात आर्गो फ्लोट: माणसाएवढ्या उंचीच्या नळ्या, सुमारे ४,०००, जगभरच्या समुद्रांत सोडलेल्या. दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोल जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. भारताचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते. २००९ पासून उपग्रहही वरून क्षारता मोजतात. या सगळ्यांतून दिसतं की गेल्या काही दशकांत खारट भाग आणखी खारट आणि गोडसर भाग आणखी गोडसर होत चाललेत. हवा तापली की ती जास्त बाष्प उचलते आणि पाण्याची ने-आण वाढते. नकाशावर ही ओळ लहान अक्षरात होती, मी मोठी करायला सांगितली.

१७ ऑगस्ट

पुन्हा कावी. रस्त्यात पाणी, दोन तास जास्त लागले. मही भरून वाहतेय. त्याच जागी, चढत्या भरतीला पाणी भरलं. घरी येऊन टायट्रेशन: ३.५, ३.४, ३.५ मिली. क्षारता ११.

जूनमध्ये २७, आता ११. समुद्र तोच, देऊळ तेच. नकाशावर आता एकच गोल काढून भागणार नाही, कावीला दोन गोल, खाली महिने.

२४ ऑगस्ट

कपडा पोळीतल्या मांडवाच्या भिंतीला लावून बघितला, पनामाची जागा उजेडात येत नव्हती, म्हणून दिवा सरकवला. परातीच्या प्रयोगासाठी टेबल पंखा आणि २०० वॉटचा बल्ब, तासाला किती ग्रॅम उडतात ते काट्यावर दिसेल. तीन बाटल्यांवर भाचीनं चिठ्ठ्या लावल्या: ठिकाण, तारीख, क्षारता. तिनं देवघरातल्या जुन्या दोन बाटल्यांसाठीही चिठ्ठ्या केल्या होत्या, आकड्याची जागा रिकामी ठेवून. आईनं त्या लावू दिल्या.

पुढचं काम: पावसाळा संपला की उपसागराचं गोडसर पाणी पूर्व किनाऱ्यानं दक्षिणेला उतरतं आणि हिवाळ्यात श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या बाजूला, अरबी समुद्रात शिरतं. भाचीची मैत्रीण नाताळच्या सुट्टीत कोवळमला जाणार आहे. तिच्यासाठी बाटली, टेप आणि विसळण्याची सूचना आजच बांधून ठेवली. सिल्व्हर नायट्रेट अजून नऊ-दहा टायट्रेशनांपुरतं शिल्लक आहे.